चौधरी आडनावाची नामवंत माणसं: 'आपले' कोण आणि नुसते आडनावबंधू कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका चौधरी घराण्याचं कुळसंमेलन ठरलंय, त्यानिमित्त स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात 'आपले नामवंत चौधरी' असं एक पान करायचंय. बहिणाबाई, सोपानदेव, धनाजी नाना, मधुकरराव ही नावं पक्की झाली आहेत. शिवाय घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शोधून चरणसिंगांपासून सलील चौधरींपर्यंत भलीमोठी यादी काढून दिली आहे. यातल्या कोणाला घ्यावं, आणि घेतलं तर त्यांच्याशी नातं काय दाखवावं?

खानदेशातल्या घराण्यांच्या वंशावळी लावणं आणि अशा स्मरणिका तपासून देणं हे माझं जुनं काम आहे. त्या अनुभवावरून आधी स्पष्ट सांगतो, 'आपले' हा शब्द मथळ्यातून काढा. नावं त्यानंतर बघू. 'चौधरी आडनावाची नामवंत माणसं' असं लिहिलंत तर कुणाला काही म्हणता येणार नाही. 'आपले' म्हटलं की तुम्ही भाऊबंदकीचा दावा करता, आणि भाऊबंदकी आडनावावरून ठरत नाही. निदान आपल्या भागात तर नाहीच नाही.

कोकणात किंवा घाटावर गावावरून पडलेली, 'कर' लागलेली आडनावं पुष्कळ. आपल्याकडे ती कमी. आपल्याकडे एकतर कुळाचं नाव चालतं, म्हणजे भोळे, कोल्हे, फालक, झोपे, भारंबे, नारखेडे, अत्तरदे असं. नाहीतर हुद्द्याचं, म्हणजे पाटील, चौधरी, महाजन, देशमुख. कुळाचं नाव बऱ्यापैकी विश्वासाचं असतं. हुद्द्याचं नाव मात्र ज्या गावात ज्याच्याकडे तो मान होता त्याला चिकटलं. चौधरी म्हणजे कुठे पेठेतला प्रमुख, कुठे जातीचा किंवा धंद्याचा म्होरक्या. त्यामुळे लेव्यांमध्ये, म्हणजे लेवा पाटीदार समाजात, चौधरी आहेत, तेल्यांमध्ये तर भरपूर आहेत, गुजरांमध्येही सापडतात. नवापूरकडून पुढे दक्षिण गुजरातेत गेलात तर चौधरी नावाची आदिवासी जमातच आहे. १९८५ ते १९८९ या काळात गुजरातचे मुख्यमंत्री असलेले अमरसिंह चौधरी त्या समाजातले. ते त्या राज्याचे पहिले आदिवासी मुख्यमंत्री. तुमच्या मोबाइलच्या यादीत ते आहेत, आणि यावलच्या लेवा घराण्याच्या स्मरणिकेत 'आपले' म्हणून त्यांचा फोटो छापला तर कोणीही विचारील, हे कसं काय?

पाटलांची तर याहून गंमत. प्रतिभाताई पाटील, स्मिता पाटील, डॉ. उत्तमराव पाटील, लीलाताई पाटील, शहाद्याच्या सहकारातले पी. के. अण्णा पाटील, सगळे खानदेशाशी जोडलेले आणि सगळे पाटील. पण एका वंशवृक्षावर बसवायला गेलात तर झाड मोडेल. १९६२ च्या कायद्यानं महाराष्ट्रात मुलकी पाटीलकी संपली, वतनं गेली, आडनाव तेवढं राहिलं. ज्यांच्या घरात पाटीलकी कधी नव्हतीच अशा भावकीतल्या चुलत घरांनीही ते लावलं. त्यामुळे एकाच आजोबाची नातवंडं कुणी पाटील, कुणी भारंबे अशी दिसतात. आणि शेजारच्या दोन गावांतले दोन पाटील एकमेकांचे कोणीच नसतात.

आता तुमच्या चार पक्क्या नावांकडे येऊ.

बहिणाबाईंच्या बाबतीत स्मरणिकावाले हमखास घसरतात, म्हणून इथे जरा थांबतो. बहिणाबाई (१८८०–१९५१) जन्मानं चौधरी नव्हेत. त्या जळगावजवळच्या असोद्याच्या महाजनांच्या लेक. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. लग्नानं त्या जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींच्या घरात आल्या. म्हणजे रक्ताचा हिशेब करायचा तर महाजनांनी त्यांच्यावर आधी हक्क सांगायला हवा, आणि असोद्याचे लोक तो सांगतातही. त्यांच्या ओव्यांमध्ये माहेर किती आणि कसं येतं हे खानदेशी वाचकाला वेगळं सांगायला नको. मग 'चौधरी घराण्याचा काव्यवारसा' असं मोठ्या टायपात छापताना निदान एक ओळ असोद्याची हवी.

दुसरं, त्यांची गाणी कागदावर आली ती मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी लिहून ठेवली म्हणून. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. लिहिणारे हे दोघे चौधरीच, पण त्यांचं सांगितलं जातं ते नातं आयांकडचं, मावशीचं आहे. चौधरी आडनावाच्या पानावर दोघे शेजारी बसतील, पण त्यांना जोडणारा धागा त्या पानावर दिसणार नाही. तो बायकांच्या बाजूनं गेलाय. वंशावळी लावताना हे सारखं आढळतं. पुरुषांच्या नावांची शिडी करत गेलं की खरी माणसं जोडणाऱ्या लेकी गळतात.

तिसरं म्हणजे भाषा. 'अहिराणी कवयित्री बहिणाबाई' असं छापू नका. त्यांची बोली लेवा गणबोली. तुमच्या यावल-रावेरच्या घरात आजी जे बोलते ते आणि धुळे-साक्रीकडची अहिराणी यांतला फरक बाहेरच्याला कळत नसेल, तुम्हाला कळतो. आणि चौथं, फोटोखालची ओळ. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकातल्या, त्यांचा आणि आपल्या बहिणाबाईंचा काही संबंध नाही. तरी संतांचा अभंग आपल्या बहिणाबाईंच्या नावावर छापलेला मी पाहिला आहे. गाणी पुस्तकरूपानं आली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं २०१८ मध्ये. विद्यापीठ १९९० चं आहे. 'बहिणाबाईंच्या नावानं १९९० साली विद्यापीठ निघालं' असं लिहू नका.

सोपानदेव (१९०७–१९८२) यांच्याबद्दल एवढंच सांगेन, त्यांना 'बहिणाबाईंचा मुलगा' या एका ओळीत उरकू नका. आईची गाणी जगापुढे आली त्याच्या कितीतरी आधीपासून ते कवी म्हणून माहीत होते.

धनाजी नाना चौधरी आणि मधुकरराव हे खिरोद्याचे, रावेर तालुक्यातले बापलेक. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याच्या उभारणीत धनाजी नानांचा मोठा वाटा होता. फैजपूरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, तुमच्यातले निम्मे तिथेच शिकले असतील. मधुकरराव पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले, १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. फैजपूर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, समाज एक, आडनाव एक, म्हणून 'आमच्याच भावकीतले' असं म्हणायचा मोह होणारच. पण खिरोद्याच्या चौधरींचं आणि तुमच्या गावच्या चौधरींचं कूळ एक आहे याचा कागद किंवा सुतक असल्याशिवाय तसं छापू नका.

सुतक म्हटलं ते गमतीनं नाही. भावकी ओळखण्याची आपल्या खेड्यांतली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची खूण तीच आहे. कोणाच्या घरी माणूस गेल्यावर तुमच्या घरात सुतक धरतात? ते भाऊबंद. कोणाच्या घरी तुमच्या मुली दिल्या आहेत किंवा कोणाच्या मुली सुना म्हणून आणल्या आहेत? ते सोयरे, म्हणजे भाऊबंद नव्हेत, आडनाव चौधरी असलं तरी. गावातल्या सत्तरीपुढच्या दोन-तीन बायकांना बसवून हे दोन प्रश्न विचारा. पुरुषांपेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण सुतक पाळायचं आणि रुखवत मांडायचं काम त्यांनीच केलेलं असतं. कुळदैवत विचारायलाही हरकत नाही, पण त्यावर फार विसंबू नका. आडगावजवळची मनुदेवी खानदेशातल्या कितीतरी घरांची कुळदैवत आहे. तेवढ्यावरून सगळे एका कुळाचे ठरवले तर अर्ध्या तालुक्यातली लग्नं रद्द करावी लागतील.

कागदाकडे वळायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी जन्ममृत्यूची नोंद मिळते, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात बहुतेक वेळा आडनाव नसतंच. नाव, बापाचं नाव, जात, गाव, संपलं. 'चौधरी' शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. पणजोबाचं आणि खापरपणजोबाचं नाव घेऊन जा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचणारा सोबत न्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत हे कागद बाहेर निघाले, स्कॅन होऊन संकेतस्थळांवरही आले. त्याचा तुम्हाला आयता फायदा आहे. मग शाळेचं जनरल रजिस्टर. आडनाव पहिल्यांदा पक्कं होतं ते बहुधा तिथे, आणि ते कोण ठरवतं? दाखल करणारा गुरुजी. एक भाऊ गावच्या शाळेत पाटील म्हणून लागला आणि दुसरा मामाच्या गावी चौधरी म्हणून, अशी घरं आहेत. फेरफार नोंदी, म्हणजे गाव नमुना ६, याहून कामाच्या. वारस लागताना सगळ्या भावांची नावं, विधवांची नावं, कधी लेकींचीही येतात. सातबारा आजचा मालक सांगतो, फेरफार घर सांगतं.

भाटाची, म्हणजे वंशावळी लिहून ठेवणाऱ्याची, वही असेल तर जरूर बघा. आपल्याकडे लेव्यांची, गुजरांची भाट मंडळी वह्या घेऊन येत आली आहेत. अलीकडच्या चार-पाच पिढ्या त्यात सहसा बरोबर असतात, कारण त्या भाटानं किंवा त्याच्या बापानं स्वतः विचारून लिहिलेल्या असतात. मागे जसजसं जाल तसतशी वही यजमानाला खूश करू लागते, आणि गुजरातेतल्या पावागडाच्या पलीकडे गेली की सूर्यवंशाशिवाय थांबत नाही. तेवढा भाग 'परंपरेनं असं सांगतात' म्हणून छापा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मात्र तुमच्या पूर्वजानं स्वतः सांगितलेली नावं मिळतात, कोणासोबत आला होता तेही मिळतं. जुनी माणसं भावकीतल्यांसोबतच यात्रेला जात, त्यामुळे तो उल्लेख सोन्याचा.

हे करताना जुन्या कागदावर 'पूर्व खानदेश' दिसलं की गोंधळू नका. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० नंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे. नंदुरबार धुळ्यातून १९९८ ला निघाला. स्मरणिकेत '१९२० साली जळगाव जिल्ह्यात' असं लिहिलेलं फार वाचावं लागतं.

आता मोबाइलच्या यादीबद्दल. चौधरी चरणसिंग आणि चौधरी देवीलाल ताबडतोब काढा. तिथे चौधरी हे आडनावच नाही, नावाआधी लावायची पदवी आहे, आपण 'पाटील आले' म्हणतो तशी. सलील चौधरी आणि नीरद चौधरी बंगालचे. तिकडे हा जमीनदारीतून आलेला किताब, त्यांचा आपल्याशी संबंध एवढाच की मराठीत लिहिताना अक्षरं जुळतात. रघुवीर चौधरी गुजरातीतले मोठे लेखक, २०१५ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आडनावाच्या पानावर शोभतील, घराण्याच्या पानावर नाही. आणि ज्ञानपीठच हवं असेल तर आदल्याच वर्षीचं, २०१४ चं, तुमच्या यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांचं आहे. आडनाव चौधरी नाही म्हणून ते तुमच्या पानातून बाहेर, आणि गांधीनगरकडचे रघुवीरभाई आत! मला हे आडनावाच्या याद्यांचं मुळातच हास्यास्पद वाटतं. तुम्ही 'आडनावाचं पान' करण्याऐवजी 'आपल्या तालुक्याचं पान' केलंत तर कितीतरी भरीव होईल. पण संमेलन चौधरींचं आहे, वर्गणी चौधरींची आहे, हे मी समजू शकतो.

जिवंत राजकारण्यांच्या बाबतीत जास्त जपा. तुमच्या यादीत 'आमदार शिरीष चौधरी' असं एकच नाव आहे आणि खाली माहिती दोघांची मिसळली आहे. शिरीष मधुकरराव चौधरी हे मधुकररावांचे चिरंजीव, रावेरहून २००९ ला अपक्ष आणि २०१९ ला काँग्रेसकडून निवडून आले. शिरीष हिरालाल चौधरी २०१४ ला अमळनेरहून अपक्ष निवडून आले. दोघे आमदार झालेले, दोघांचे मतदारसंघ जळगाव जिल्ह्यातले, दोघेही कधी ना कधी अपक्ष. यंत्रानं काढलेली यादी इथे चुकणारच. आपल्या नावात मधे बापाचं नाव येतं ते अशा वेळी उपयोगी पडतं. प्रत्येक नोंदीत ते पूर्ण लिहा, 'शि. म.' अशी आद्याक्षरं नकोत.

मधल्या नावाचीही एक गोष्ट आहे. बायकांच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि कधी आडनाव बापाचंच राहतं. प्रतिभाताई नाडगावच्या नारायणराव पाटलांच्या लेक, त्यांचे पती देवीसिंह शेखावत. आणि राष्ट्रपती म्हणून २००७ ते २०१२ या काळात सगळीकडे लागलेलं नाव प्रतिभा देवीसिंह पाटील. मधे सासर, शेवटी माहेर. बहिणाबाईंचं नेमकं उलट झालं, त्यांचं महाजन पूर्ण पुसलं गेलं. तुमच्या पानावर सुनांची नावं घालताना कंसात माहेरचं कूळ आणि गाव द्या, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी ज्या आज दुसऱ्या आडनावानं नामवंत आहेत त्यांना आणा. त्या खऱ्या 'आपल्या'. आडनाव जुळणाऱ्या परक्याला जागा द्यायची आणि घरच्या लेकीला नाही, असं करू नका.

एकच आडनाव म्हणजे एकच गोट असंही समजू नका. नंदुरबारला माणिकराव गावित नऊ वेळा खासदार झाले. २०१४ ला त्यांना हरवलं हीना गावित यांनी. बाहेरच्या वर्तमानपत्रवाल्याला वाटलं असेल, घरातच लढत झाली. दोन वेगळी घरं ती.

मग पानावर उरतं काय? माझ्या मते दोन भाग करा. पहिल्या भागात तुमच्या कुळातली, कागदानं किंवा सुतकानं जोडता येणारी माणसं. ती राज्यभर माहीत नसतील. कोणी फैजपूरच्या अधिवेशनात राबलेला असेल, कोणी केळीचा पहिला ट्रक दिल्लीला धाडला असेल, कोणी गावात पहिली नर्स झाली असेल. त्यांची नोंद मात्र भरगच्च करा: गाव, आईबाप, माहेर-सासर, काय केलं, आणि हे कोणी सांगितलं. दुसऱ्या भागात 'चौधरी आडनावाचे खानदेशातले इतर मान्यवर' म्हणून बहिणाबाई, सोपानदेव, धनाजी नाना, मधुकरराव, प्रत्येकाला चार-पाच ओळी, आणि नात्याबद्दल एक शब्द नाही. तुम्हाला पुरावा सापडला तर त्यांतला कोणीही पुढच्या आवृत्तीत पहिल्या भागात जाऊ शकतो. खानदेशाबाहेरचे सगळे काढा.

इंग्रजीत आडनाव लिहिण्याच्या चार-पाच तऱ्हा चालतात, शेवटी आय की वाय, मधे एयू की ओयू. पत्त्यांच्या यादीत ज्याच्या आधारवर जसं आहे तसंच ठेवा, दुरुस्त करायला जाऊ नका. एकसारखं करण्याच्या नादात अर्ध्यांची कुरिअरं परत येतील.

शेवटी छपाईची बाब. जिवंत आमदार-नगरसेवकांचे फोटो घालणार असाल तर निवडणुकीच्या आचारसंहितेची तारीख पाहून प्रकाशन ठरवा, ऐन वेळी पाहुणा व्यासपीठावर येऊ शकत नाही. आणि मसुदा छापखान्यात जाण्याआधी एक प्रत असोद्याला आणि एक खिरोद्याला, त्या त्या घरच्या माणसांना दाखवून आणा. जळगावहून असोद्याला अर्धा तासही लागत नाही.